बाबा, स्टिअरिंग खरंच जड होतं

बाबा,

आपलं शेवटचं भांडण तुम्ही जिंकलात. हे तुम्हाला सांगायला मला पाच आठवडे उशीर झाला.

तुम्ही गेल्यावर घरी भेटायला आलेल्यांना मी तुमच्याबद्दल पुष्कळ सांगितलं. कळंबच्या तहसील कचेरीतली नोकरी, निवृत्त झाल्यावर गावाबाहेर काढलेली रोपवाटिका, जुनी पिकअप घेऊन आर्णी नि घाटंजीच्या बाजारात लिंबाची, शेवग्याची, सीताफळाची रोपं नेणं. सगळे मान हलवत ऐकायचे. पण शेवटचे आठ महिने तुम्ही एकाही बाजाराला गेला नाहीत, हे मी कुणाला सांगितलं नाही. पिकअपची चावी माझ्या यवतमाळच्या घरी, कपाटात होती. मीच नेली होती.

मागच्या हिवाळ्यात तुमचा उजवा खांदा दुखायला लागला. मी दर रविवारी कळंबला यायची, तुम्हाला खाटेवर बसवून हात वर करायला लावायची. हात खांद्याच्या रेषेपर्यंत यायचा, तिथे दुखायचा, थोडा आणखी वर गेला की दुखणं सुटायचं. खांद्याच्या वरच्या स्नायूला सूज आली की नेमकं असंच होतं. माझ्याकडे रोज असे दोन-तीन पेशंट येतात. मी तुम्हाला व्यायाम लिहून दिले, तुम्ही ते कचेरीतल्या फायलीसारखे टाचणी लावून ठेवले आणि अर्धेच केले.

त्याच दिवसांत तुम्ही म्हणालात, "पोरी, गाडीचं स्टिअरिंग जड होऊन राह्यलं."

"जड म्हणजे कसं?" मी विचारलं.

"एका जागी अडतं. जोर लावला की सुटतं. मग पुन्हा अडतं. अन् वळल्यावर चाक आपसूक सरळ येत नाही, ओढून आनाव लागते."

मी हसले, बाबा. तुम्ही स्टिअरिंगचं सांगत होतात आणि मला तुमच्या खांद्याचं वर्णन ऐकू आलं. एका जागी अडतं, मग सुटतं. मी म्हटलं, "गाडी नाही, तुमचा खांदा अडतो. हात त्या कोनात गेला की दुखतं, म्हणून जोर लागत नाही."

"खांदा दुखते हे खरं आहे," तुम्ही म्हणालात. "पन तो स्टिअरिंगनं दुखून राह्यला. स्टिअरिंग खांद्यानं जड नाही झालं."

मला तेव्हा हा शब्दांचा खेळ वाटला. जन्मभर टिपणी लिहिलेल्या माणसाची सवय.

आज आठवलं की वाटतं, वळल्यावर चाक आपोआप सरळ येत नाही, या एका वाक्यावर मी थांबायला हवं होतं. चाक सरळ यायला तुमच्या खांद्याची गरजच नव्हती. ते येत नव्हतं, म्हणजे गाडीतच काहीतरी धरून ठेवत होतं. एवढं कळायला मेकॅनिक असावं लागत नाही. मी फक्त ऐकलं नाही.

मग होळीच्या आठवड्यात ती गोष्ट झाली. रोपवाटिकेच्या वळणावर गाडी वळली नाही, सरळ जाऊन रस्त्याकडेच्या नालीत उतरली. मागची रोपं सांडली. तुमच्या कपाळाला खोक पडली, टाके घालायची वेळ आली नाही इतकंच. आईचा फोन आला तेव्हा क्लिनिकमध्ये पेशंट होता, मी त्याला तसाच सोडून निघाले. तिथे पोचले तर तुम्ही नालीच्या कडेला बसून रोपांच्या पिशव्यांमध्ये माती परत भरत होतात. रुमाल कपाळाला बांधलेला. मला पाहून म्हणालात, "चाक वळलंच नाही, माय. म्या पुरा जोर लावला."

मी ती नाली पाहत होते. चार हात पुढे पुलाचा कठडा होता. सिमेंटचा.

त्या संध्याकाळी आपण भांडलो. आई मध्ये पडली नाही. मी म्हटलं, वय झालं, हात साथ देत नाही, आता गाडी बंद. तुम्ही म्हणालात, याकूब मेकॅनिकले बोलाव, त्यानं गाडी पाहू दे. मी म्हटलं, पाहायचं काय त्यात? तेव्हा तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. कचेरीत कुणाची फाईल परत करायची असली की तुम्ही असंच करायचात म्हणे.

"तू पेशंट तपासला," तुम्ही म्हणालात. "गाडी तपासली नाही. तुझा अहवाल एकतर्फी आहे."

यानंतर मी जे केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगते.

तुम्ही झोपल्यावर मी याकूबभाईंना फोन केला. वीस वर्षं आपल्या घरच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या, तुमची लूनासुद्धा. मी म्हटलं, "याकूबभाई, बाबा उद्या तुम्हाला बोलावतील. तुम्ही या, पण त्यांना सांगा की गाडीत काही दोष नाही. नाहीतर ते पुन्हा चालवायला बसतील." ते म्हणाले, "ताई, पाहून तर घेऊ द्या." मी म्हटलं, "पाहायची गरज नाही. मी त्यांची मुलगी आहे आणि मी खांद्याचंच काम करते. माझं ऐका."

त्यांनी माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते आले, पिकअपभोवती एक चक्कर मारली, टायरवर बोट दाबलं आणि तुम्हाला म्हणाले, "साहेब, गाडी बरोबर आहे." तुम्ही काही वाद घातला नाहीत. आईनं केलेला चहा दोघांनी घेतला. मी चावी पर्समध्ये टाकली आणि यवतमाळला आले. मला त्या रात्री शांत झोप लागली, बाबा. हेसुद्धा सांगून टाकते.

त्या आठ महिन्यांत तुम्ही रोपवाटिकेत जायचात, शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून. बाजाराला दुसऱ्याचा टेम्पो जायचा. तो माणूस रोपं द्यायचा, पण कोणतं रोप कोणत्या मातीत लावायचं, लिंबाला पहिल्या वर्षी काय घालायचं, हे सांगायला कोणी नव्हतं. घाटंजीच्या बाजारातली एक बाई तुमच्याकडून दरवर्षी कढीपत्ता न्यायची, ती त्या टेम्पोवाल्याला विचारायची, साहेब काहून येत नाहीत. हे तुम्ही मला एकदा सांगितलंत, फार सहज. मग म्हणालात, "एखाद्या बाजारी तू चालव. मी बाजूले बसतो. हात नाही लावत."

मी म्हटलं, "बघू, पुढच्या सोमवारी."

त्या सोमवारी क्लिनिकमध्ये गर्दी होती. पुढच्याला पाऊस होता. त्याच्या पुढच्याला काय होतं ते आठवत नाही. मी जर एकदा, फक्त एकदा, त्या गाडीत बसून चाक फिरवलं असतं, तर मला पहिल्या वळणावर कळलं असतं. कार चालवते मी रोज. पण त्या पिकअपच्या स्टिअरिंगला मी कधी हातच लावला नव्हता. तुमच्या खांद्याला मात्र शेकडो वेळा.

तो खांदा मला पाठ होता, त्याचाच मला गर्व होता. मी शिकायला होते तेव्हा सुट्टीत घरी आले की तुम्हाला पालथं झोपवून पेनानं स्नायू काढायची. हा इथून निघतो, इथे चिकटतो, याचं काम हे. तुम्ही निमूट पडून राहायचात, मध्येच विचारायचात, "हा कोन्ता? याचं नाव परत सांग." परीक्षेच्या आधी एकदा सकाळी मी काढलेल्या निळ्या रेघा अंगावर घेऊनच तुम्ही कचेरीत गेलात. पांढऱ्या सदऱ्यातून त्या दिसत होत्या. साहेबानं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पोरगी डॉक्टर होऊन राह्यली, तिचा नकाशा आहे." मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत सगळ्यांना डॉक्टरच सांगितलंत. मी खांदा शिकले तो तुमच्या खांद्यावर, बाबा. आणि त्याच खांद्यावर मी सगळं ढकललं.

दिवाळी झाली आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. हृदयानं दगा दिला. त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. त्यात गाडीचा काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलं, आणि मला ते पटतं. दुपारी पटतं. सकाळी उठल्याबरोबर पटत नाही.

तेरवीनंतर आई म्हणाली, गाडी उभी राहून खराब होईल, कुणाला देऊन टाक. घाटंजीकडचा एक तरुण शेतकरी पाहायला आला. चांगला दणकट, कापसाच्या गाठी उचलणारे हात. त्यानं गाडी सुरू केली, फाटकातून बाहेर काढली, रस्त्यावर वळवली आणि पाच मिनिटांत परत आणून उभी केली. खाली उतरून त्यानं आधी स्वतःचा दंड चोळला.

"ताई, स्टिअरिंग भलतं जड आहे हो," तो म्हणाला. "आधी दुरुस्त करून घ्या. अशी कोनी चालवू नका."

मी विचारलं, "जड म्हणजे कसं?"

"एका जागी अडते," तो म्हणाला. "जोर लावला का सुटते. मंग पुन्हा अडते."

तो चावी माझ्या हातात देऊन गेला. मी बराच वेळ फाटकात उभी होते. आई आतून विचारत होती, काय झालं, घेतो म्हणाला का. मग मी गाडीत बसले. पहिल्यांदा. इंजिन सुरू केलं आणि चाक डावीकडे फिरवलं. एका जागी ते माझ्या दोन्ही हातांना अडलं. मी सीटवरून अर्धी उठून जोर लावला तेव्हा सुटलं. माझे खांदे धडधाकट आहेत, बाबा.

दुसऱ्या दिवशी याकूबभाई आले. मी त्यांना फोनवर एवढंच म्हटलं होतं की या वेळी खरंच पाहा. ते आल्या आल्या गाडीकडे गेले नाहीत. अंगणात टोपी काढून उभे राहिले. मग पिशवीतून हत्यारं काढली.

मी त्यांच्याजवळ बसून सगळं पाहिलं. तुम्हाला आवडलं असतं म्हणून सांगते. आधी त्यांनी टायरची हवा मोजली. बरोबर होती. मग जॅक लावून पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली आणि मला म्हणाले, "ताई, आता फिरवा." मी फिरवलं. तसंच जड.

"चाकाखाली आता जमीनच नाही," ते म्हणाले. "तरी जड. म्हंजे टायरचा दोष नाही."

मग ते गाडीखाली गेले आणि स्टिअरिंगकडून चाकांकडे जाणारी सळई सोडवली. बाहेर येऊन त्यांनी पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं, इकडून तिकडे ढकललं. ते लोण्यासारखं फिरलं. "खालचं समदं चोख. खराबी वर आहे." बोनेट उघडलं. स्टिअरिंगचा दांडा सरळ खाली जात नाही, मध्ये वाकतो, हे मला माहीत नव्हतं. जिथे वाकतो तिथे एक जोड असतो, त्याला ते क्रॉस म्हणतात. याकूबभाईंनी आधी दोन्ही बाजूंना पांढऱ्या रंगाची खूण केली, म्हणजे परत बसवताना स्टिअरिंग वाकडं बसू नये. मग बोल्ट काढून तो जोड माझ्या हातात दिला.

"हे गाडीचं मनगट समजा," ते म्हणाले. "वाकवून पाहा."

सांधा तपासणं हे माझं रोजचं काम आहे. मी तो हातात धरला आणि वाकवला. एका बाजूनं तो हलला. दुसऱ्या बाजूनं अजिबात नाही. पूर्ण जाम. मी अंगठ्यांनी जोर लावला, गुडघ्यावर ठेवून लावला. नाही.

"एका चकरीत दोनदा अडनार हे," याकूबभाई म्हणाले. "साहेब सांगतच होते. एका जागी अडते, मग सुटते. अगदी बरोबर सांगत होते."

जोड ठोकून उघडला तेव्हा आतून लाल भुकटी पडली. आतल्या बेअरिंगच्या बारीक सुया गंजून पीठ झालेल्या. पाण्यानं, ते म्हणाले. तुम्ही दर आठवड्याला बोनेट उघडून रोपांच्या पाइपानं गाडी धुवायचात ना, त्यानं. जिथे ग्रीस जायचं तिथे पाणी जात राहिलं.

नवा क्रॉस ते यवतमाळहून घेऊनच आले होते. म्हणजे इथे येण्याआधीच त्यांनी ओळखलं होतं. बसवून, ग्रीस भरून, खुणा जुळवून सगळं परत जोडायला दोन तास लागले. शेवटचा बोल्ट आवळल्यावर ते खाली मान घालून हात पुसत बसले. बराच वेळ पुसत बसले.

"ताई, मी त्या दिवशी बोनेट नाही उघडलं," ते म्हणाले. "उघडलं असतं तर मले दिसलं असतं. मग मले साहेबापुढं खोटं बोलता आलं नसतं. म्हनून नाही उघडलं."

"मी सांगितलं होतं तुम्हाला," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलं. पन हत्यार माझ्या हातात होतं." मग म्हणाले, "गाडी बंद केली ते ठीकच केलं तुम्ही. अशी गाडी कोनी चालवायची नसते. पन दुरुस्त करून द्यायची होती साहेबाले."

आम्ही दोघांनी एकमेकांची समजूत घातली नाही. घालण्यासारखं काही नव्हतं.

ते गेल्यावर मी गाडी घेऊन रोपवाटिकेच्या रस्त्याला गेले. चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांच्या गाड्या उलट्या बाजूनं जात होत्या. त्या वळणावर मी चाक फिरवलं. ते एका हातानं फिरलं आणि वळण संपल्यावर माझ्या तळव्याखालून आपोआप सरळ झालं. पुढे जाऊन मी गाडी बाजूला लावली. तुरीला फुलं आली आहेत तिकडे, दोन्ही बाजूंना पिवळं. मी तिथे रडले. घरी रडता येत नाही, आईपुढे.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. फोनसकट. मला वाटलं ती रागावेल. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"याकूब गेल्यावर मले म्हनाले, यानं आज खोटं सांगितलं. जमिनीकडं पाहून बोलला. पोरीनं फोन केला असन."

"मग मला बोलले का नाहीत?"

"दोन दिवस तर माह्यासंगही बोलले नाही. राग आला होता त्यांना, तो काय थोडा होता? मग मीच म्हटलं, सांगा ना तिले. तर म्हनाले, राहू दे. ती भेली आहे. तिनं तो पूल पाह्यला. दिवाळी होऊ दे, मग मीच गाडी याकूबकडं नेतो अन् तिच्यासमोर खोलून दाखवतो."

तिनं शेंगांचं ताट पुढे सरकवलं, म्हणजे मीही सोलाव्यात.

आई माझं मन राखायला असं बोलली असेल का, हा विचार मला त्या रात्री आला. येतो अजूनही. तुम्ही गेल्यापासून ती माझी फार काळजी घेते, खरं तर मी तिची घ्यायला हवी. पण 'तिच्यासमोर खोलून दाखवतो' हे तुमचंच वाक्य आहे. आईला असं सुचणार नाही. तुम्हाला मी चुकले होते हे नुसतं म्हणायचं नव्हतं, पुराव्यासकट सिद्ध करायचं होतं. मी तो जाम जोड हातात घेऊन उभी आहे आणि तुम्ही चष्म्यावरून बघत आहात, हे दृश्य तुम्ही आठ महिने मनात ठेवलं असणार. तुम्ही मला रागावायला हवं होतं, बाबा. त्याच आठवड्यात, त्याच टेबलावर. मी सहन केलं असतं. तुम्ही मला वेळ दिलात आणि तुमच्याकडे तोच नव्हता.

तुम्ही भित्र्या मुलीला समजून घेतलंत याबद्दल तुमची मी ऋणी आहे. आणि त्याबद्दलच तुमच्यावर रागही आहे. दोन्ही एकाच वेळी कसं असतं ते मला सांगता येत नाही.

गाडी द्यायची की ठेवायची ते अजून ठरलेलं नाही. त्या घाटंजीच्या शेतकऱ्याचा दोनदा फोन आला.

या मंगळवारी माझ्याकडे आर्णीहून एक बाई आल्या. शिवणकाम करतात, साठीच्या पुढच्या. उजवा खांदा धरून बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आजकाल मशीन भलती जड चालते. चाक हातानं फिरतच नाही." पूर्वी मी ते वाक्य ऐकून न ऐकल्यासारखं केलं असतं आणि कागदावर खांदा लिहून मोकळी झाले असते. या वेळी पेन खाली ठेवलं. त्यांच्या सुनेला फोन लावायला सांगितला, व्हिडिओवर. सुनेला म्हटलं, मशीनजवळ जा, चाक फिरवून दाखव. तिला वाटलं मी गंमत करते आहे. बाहेर चार पेशंट ताटकळले होते. सुनेनं फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटानं चाक फिरवलं. ते भरभर फिरलं.

मशीन हलकी होती, बाबा. खांदाच होता त्या बाईंचा. पण मी आधी मशीन तपासली.